खार, राब आणि हौसेची शेती

कुलाबा जिल्ह्याचे नाव 1981 साली रायगड झाले. पेण आणि रोहे तालुक्यांतील जमिनीचा स्वभाव मात्र पूर्वीचाच राहिला. पूर्वेस डोंगरउताराची वरकस, मधोमध भाताची खाचरे आणि पश्चिमेस धरमतर व कुंडलिका यांच्या खाड्यांलगतची खार, अशी ही तीन प्रकारची भूमी. एकेका कुटुंबाच्या वाट्याला तिचा काही गुंठ्यांचा तुकडा येतो. अलीकडे मुंबईकरांनी हौसेने घेतलेल्या लहान शेतांची येथे रेलचेल झाली आहे. त्यांविषयी काही म्हणण्यापूर्वी या तुकड्यांवर पिढ्यान् पिढ्या काय घडत आले, ते पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

येथील कुटुंबाचे वर्ष पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. माघ-फाल्गुनात झाडांच्या फांद्या तोडून आणायच्या, शेण, पालापाचोळा, गवत आणि वर माती यांचे थर रचायचे व उन्हाळ्यात ते भाजायचे. हा राब. त्या भाजलेल्या जागेत बी पेरून रोप तयार होते. मग चिखलणी आणि लावणी. आषाढात घरातील एकही माणूस घरात सापडत नाही. म्हातारी आजीदेखील बांधावर बसून रोपांच्या मुठी बांधते. भात घरात आले की जमिनीतील ओलीवर वाल टाकायचे. पौषात त्यांच्या शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावायची. तो दिवस मुलांचा. वसईत आगेऱ्याला नव्या भाताची कणसे देवळात नेणाऱ्या आपल्या कुटुंबांना या आनंदाची जात निराळी समजावून सांगावयास नको.

राब हा शब्द साधा दिसतो, पण त्यापायी सरकार हलले होते. इंग्रजी अमदानीत जंगले राखीव झाली आणि फांद्या तोडणे हा गुन्हा ठरू लागला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील असंतोष इतका वाढला की 1885 साली मुंबई सरकारला चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. साहेबाच्या दृष्टीने राब म्हणजे अडाण्यांची नासाडी. पुढे पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह या पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा नुसत्या राखेनेच नव्हे, तर माती तापल्यानेही रोपाला जोर येतो, असे दिसून आले. शेतकऱ्याला हे ठाऊकच होते; त्याला ते कागदावर मांडता येत नव्हते, इतकेच. राबामुळे डोंगर उघडे पडतात, हा आक्षेप मात्र आम्हांस खोटा वाटत नाही.

खारीची कथा याहून वेगळी. समुद्राला बांध घालून मिळविलेली ही जमीन. उधाणाचे पाणी रोखणारा बाहेरचा काठा आणि ओहोटीला पावसाचे पाणी खाडीत सोडणारी उघाडी, या दोहोंवर तिचा जीव. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघाले की मोड आणलेले बी विस्कटून पेरतात. त्याला रहू म्हणतात. काठ्याला एक खांड पडली तरी खारे पाणी आत शिरते आणि शेत पुढील कित्येक हंगामांस मुकते. ती खांड एकट्याच्या शेतापुरती थांबत नाही, म्हणून काठा राखणे हे साऱ्या गावाचे काम असे. जुन्या काळी शिलोत्रदार त्याची व्यवस्था पाहत. 1948 साली मुंबई सरकारने खार जमिनींसाठी स्वतंत्र कायदा केला, 1979 साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला.

जमीन राखणारा आणि तिचा मालक एकच असे, असे नाही. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी येथे 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन कसण्याचे नाकारले. तो संप 1939 पर्यंत चालला. सहा वर्षे शेते ओस पडली, कुटुंबे लाकूडफाटा विकून जगली. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली विधिमंडळात खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला आणि कूळकायद्यान्वये 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा कूळ मालक मानला गेला. पेण-रोह्यातील आजचे अनेक लहान सातबारे या लढ्याचीच लेकरे आहेत.

आणि तेच तुकडे आता हौसेपोटी विकत घेतले जातात. 1998 साली रोह्यापासून पुढे कोकण रेल्वे पूर्ण झाली. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला आणि मुंबई आणखी जवळ आली. शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम 63 मुळे परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. साहजिकच शहरातल्या माणसाला आजोबांचा जुना सातबारा अकस्मात प्रिय होतो! चार आंबे, दहा नारळ, एक विहीर आणि टुमदार घर. हौस वाईट नव्हे. मुलांना भात झाडाला लागत नाही हे कळते, हेही थोडके नाही. परंतु तेथे आठवडाभर पाणी घालणारे, कुंपण राखणारे कुटुंब बहुधा कातकरी वा ठाकूर असते. यांतील कित्येक कातकरी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडी परततात. त्यांचे नाव कोणत्याही सातबाऱ्यावर नसते.

नवल असे की मालकीचा हा प्रश्न ज्यांनी आयुष्यभर छेडला, असे दोन पुरुष याच दोन तालुक्यांत जन्मले. विनोबा भावे 11 सप्टेंबर 1895 रोजी पेणच्या गागोदे गावी. घरचा फणस पिकला की आई प्रथम गरे शेजाऱ्यांकडे वाटावयास पाठवी, मग मुलांना देई. ही आठवण ते सांगत. 1951 साली पोचमपल्लीस त्यांनी भूदान मागितले, त्याआधी पवनारला बैलांवाचून हातांनी शेती करून पाहिली होती. दुसरे पांडुरंगशास्त्री आठवले, 1920 साली रोह्यास जन्मलेले. त्यांच्या योगेश्वर कृषीत गावकरी पाळीपाळीने सामाईक शेतावर राबतात आणि पीक कोणा एकाचे राहत नाही. दोघांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1958 आणि 1996 साली.

त्यांच्या मार्गांची चिकित्सा येथे अप्रस्तुत. आम्हांस खारीचा काठा आठवतो. 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या 22 गावांनी सेझसंबंधी मतदान केले, तेव्हा गावे एकत्र आली होती. आता खांड पडली की निम्म्या शेतांचे मालक मुंबई-ठाण्यात असतात. उधाण मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या हिशेबाने येते, शनिवार-रविवारच्या नव्हे. अशा रात्री फावडे-घमेले घेऊन काठ्यावर जाण्याची पाळी गावात उरलेल्या चार घरांवर येते. त्यांच्या बांधाआड शेजाऱ्याचे फार्महाऊसही कोरडे राहते.