पिल्लाच्या आईची नोंद

कुत्र्यांमधल्या पार्व्होचा विषाणू जगानं १९७८ मध्ये ओळखला आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो भारतात पोचला. मी तेव्हा पुण्यात नुकतीच पशुवैद्यकाची प्रॅक्टिस सुरू केली होती. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. म्हणजे रविवारी खेळतं-बागडतं घेतलेलं पिल्लू गुरुवारी खाणं सोडायचं, मग उलट्या, मग रक्ताची हगवण. विकणारा म्हणायचा, "माझ्याकडे होतं तोवर धडधाकट होतं." घरची मुलं टेबलाशी रडत उभी असायची आणि पिल्लाला कुठं लागण झाली हे सांगणारा कागदाचा कपटाही कुणाकडे नसायचा.

लसीकरणाचं कार्ड असायचं, पण त्यावर लसीच्या बाटलीवरचं स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, डॉक्टरची सही नाही. जन्मतारीख तर हमखास खोटी. पाच आठवड्यांचं पिल्लू आठचं म्हणून खपवायचे. आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असताना टोचलेली लस बऱ्याचदा वाया जाते. म्हणून तारीख खोटी असली की ती लसही कुचकामी ठरू शकते. याची चीड मला आजही येते.

कायद्याचा आधार फारसा नव्हता. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत नेट लावल्यावर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, ते मोठंच काम. पण त्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आणि ब्रीडरनं वही ठेवावी असं कुठंच म्हटलेलं नव्हतं. ऑगस्ट २०१५ मध्ये विधी आयोगानं २६१ व्या अहवालात पिल्लांच्या पैदाशीचा आणि विक्रीचा हा धंदा नियमांखाली आणायला सांगितलं. श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम निघाले २३ मे २०१७ ला.

या नियमांनी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी सक्तीची केली. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी आली. मायक्रोचिप आणि लसीकरण झाल्याशिवाय विक्री नाही, आणि तब्येतीचे कागद घेणाऱ्याच्या हातात द्यायचे. मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती मादीची नोंद. ती १८ महिन्यांची झालेली हवी, निरोगी असल्याचं पशुवैद्यानं आधी लिहून द्यायला हवं, तिच्या वेतांचा हिशेब वहीत हवा. वर्षानुवर्षं पिंजऱ्यात विणाऱ्या माद्यांची खबर त्यामुळे पहिल्यांदा सरकारदरबारी घ्यावी लागली. कुपोषित, जंतांनी पोखरलेल्या आईची पिल्लं कशी निघतात हे मी टेबलावर पाहिलंय.

नवं पिल्लू घेऊन कुणी आलं की मी आधी त्याच्या आईचा चिप नंबर विचारतो. बहुतेकांना तो कुणी दिलेलाच नसतो.