भोवळ न येणारी मुले : कान आणि तोल यांच्या नात्याचा इतिहास

फुगडी घालून थांबलेल्या मुलाभोवती अंगण फिरतच राहते. पाय थांबलेले असतात. पण अंतर्कर्णातील द्रव स्थिरावेपर्यंत शरीर अजून फिरत आहे, अशीच मेंदूची समजूत असते. काही कर्णबधिर मुलांना मात्र कितीही गरगर फिरवले तरी भोवळ येत नाही. वरवर गमतीच्या वाटणाऱ्या या गोष्टीत एका गंभीर प्रश्नाचे उत्तर दडलेले होते : ऐकू न येणारी काही मुले मान उशिरा का धरतात, उशिरा का चालू लागतात आणि चालू लागल्यावरही वारंवार का पडतात?

जे मूल बोलत नाही आणि वेळेवर चालतही नाही, त्याची बुद्धीच मंद असावी, असा समज सहज होतो. खरे कारण पुष्कळदा कानाच्या रचनेत असते. ऐकण्याचे शंखाकृती इंद्रिय आणि तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका हाडाच्या एकाच पोकळीत वसलेल्या आहेत. दोहोंचे संदेशही एकाच मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. त्यामुळे मेनिंजायटिससारखा आजार किंवा एखादा जनुकीय दोष ऐकण्याच्या इंद्रियाला बाधतो, तेव्हा शेजारच्या तोलाच्या इंद्रियालाही कित्येकदा सोडत नाही.

हे नाते उलगडण्यास बराच काळ लागला. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पिएर फ्लुरांस याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कबुतरांच्या या नलिका छेदल्या. पक्ष्यांना ऐकू येत राहिले, पण त्यांचा तोल गेला. १८७०च्या दशकात अर्न्स्ट माख, योझेफ ब्रॉयर आणि क्रम ब्राउन यांनी स्वतंत्रपणे असे मांडले की, या नलिका शरीराच्या फिरण्याची जाणीव करून देतात. तसे असेल, तर ज्यांच्या नलिका निकामी आहेत त्यांना भोवळ येता कामा नये, असा तर्क अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने केला आणि तो माणसांवर पडताळून पाहिला. १८८२ मध्ये त्याने ५१९ कर्णबधिरांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांपैकी १८६ जणांना फिरवल्यावर मुळीच भोवळ आली नाही, १३४ जणांना किंचित आली, तर १९९ जणांना इतरांसारखीच आली. तुलनेसाठी पाहिलेल्या हार्वर्डमधील सुमारे २०० विद्यार्थी-अध्यापकांत भोवळ न येणारा केवळ एकच निघाला. प्रत्येक कर्णबधिराचा तोल बिघडलेला नसतो, हेही याच आकड्यांनी दाखवून दिले.

पुढे १९५०च्या दशकाच्या अखेरीस अंतराळयुगाला या उणिवेचे मोल कळले. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट महाविद्यालयातील ११ कर्णबधिर पुरुषांवर अमेरिकन नौदल व नासा यांनी प्रयोग केले. त्यांपैकी दहा जणांची श्रवणशक्ती मेनिंजायटिसने गेली होती. खवळलेल्या समुद्रात संशोधक आजारी पडले. हे मात्र पत्ते खेळत बसले.

परंतु प्रौढांना बोट लागत नाही, ही सोय झाली. पहिले पाऊल टाकू पाहणाऱ्या बालकाला तीच उणीव महागात पडते. तोलाची जाणीव मंदावलेली कर्णबधिर मुले उशिरा बसतात व चालतात, हे इसाबेल रॅपिन यांनी १९७४ मध्ये मांडले. डोळे आणि स्नायूंची जाणीव यांच्या आधारे ही मुले हळूहळू सावरतात, म्हणूनच दोष झाकला जातो. अंधारात, उंचसखल वाटेवर किंवा पाण्याखाली तो पुन्हा उघडा पडतो. अशर सिंड्रोमच्या पहिल्या प्रकारात तर जन्मतः बहिरे असलेले मूल बहुधा दीड वर्षानंतर चालते आणि पुढे त्याची दृष्टीही क्षीण होत जाते. तेथे उशिरा पडलेले पहिले पाऊल ही डोळ्यांविषयीची आगाऊ सूचना ठरू शकते.

यावर उपायही आहे. अशा मुलांच्या एका लहान गटाला तोलाचे नियमित व्यायाम दिल्यावर त्यांचा कारक विकास सुधारला, असे रोझ मेरी राइन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले.

भारतात मैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून कार्यरत आहे. कॉक्लिअर इम्प्लांटला केंद्राच्या एडिप योजनेतून साहाय्य मिळते; मात्र हे उपकरण श्रवणासाठी आहे, तोलाच्या नलिकांची जागा ते घेत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत श्रवणदोष आणि कारक विकासातील विलंब या दोन वेगळ्या नोंदी आहेत. एकाच मुलाच्या कागदावर दोन्ही खुणा दिसल्या, तर त्या एकत्र वाचल्या जाणे आवश्यक आहे. मूल मान कधी धरू लागले आणि चालू कधी लागले, हे दोन प्रश्न विचारण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.