फटफटीवरचं पोर

मूलच्या आमच्या घरात देवघराशेजारी एक फोटो आहे. आजोबा गाडीवर बसलेत आणि पुढे टाकीवर दोन-अडीच वर्षांचं पोर. आजी सांगायची, "तुज्या आज्याची फटफटी, आन् टाकीवर माजा पयला पोरगा." हा पहिला मुलगा, म्हणजे माझे मोठे काका, १९६० साली तापाने गेले. त्यांचा हा एकच फोटो. मागे निळ्या शाईत '१९५९' लिहिलंय. दर दिवाळीला फोटोला हार घालतात.

मी काकांना शोधायला निघालोच नव्हतो. मला गाडी ओळखायची होती. घरात सगळे तिला 'आजोबांची बुलेट' म्हणतात.

जुनी गाडी ओळखताना टाकीवरच्या नावावर विसंबू नका. ते पुसट तरी असतं किंवा कुणाच्या पायाआड तरी गेलेलं. आधी सायलेन्सर बघा. एकच सिलिंडर, पण दोन्ही बाजूंना सायलेन्सर, म्हणजे बहुतेक जावा. म्हैसूरच्या कारखान्यात ती १९६१ पासून बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिची येझदी झाली. मग हेडलाइट बघा. त्याच्या वर दोन बाजूंना दोन बारके दिवे दिसले, तर बुलेट. मद्रासची एन्फिल्ड इंडिया १९५५ सालची. नंबरप्लेटवर एमएच-३४ असेल, तर गाडी कितीही जुनी असो, फोटो १९८९ च्या आधीचा नाही.

आमचा फोटो मोबाइलवर स्कॅन करून मोठा केला. सायलेन्सर एकच. बारके दिवे नाहीत. म्हणजे जावाही नाही आणि बुलेटही नाही. मग नजर पुढच्या चाकावर गेली. बुलेटला हँडलपासून चाकाच्या आसापर्यंत दोन सरळ नळ्या येतात. इथे नळ्या चाकाच्या मागच्या बाजूला उतरल्या होत्या. तिथून एक आडवा दांडा पुढे आसापर्यंत आला होता आणि शॉकअप त्या दांड्यावर टेकला होता. गावातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींना फोटो दाखवला. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, "राजदूत हाय."

राजदूत १७५ ही पोलंडच्या एसएचएल एम-११ वरून एस्कॉर्ट्स कंपनीने बनवलेली गाडी. खेडोपाडीच्या रस्त्यांवर टिकली म्हणून दूधवाल्यांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांनी ती चालवली. पण ती बाजारात आली १९६२ साली.

आकडा वाचून मी मोबाइल खाली ठेवला. १९६० साली गेलेलं पोर १९६२ नंतरच्या गाडीवर बसूच शकत नाही. बाबांचा जन्म १९६३ चा. टाकीवर बाबा आहेत.

आजी खोटं बोलत नव्हती. तिच्यासाठी दोन चाकं आणि इंजिन असलेली प्रत्येक गाडी फटफटीच होती. तिची बुलेट आम्ही केली. फोटोमागची तारीखही तिची नाही, तिला लिहिता येत नव्हतं. कुणीतरी तिला विचारून, हिशेब मांडून ती टाकली असणार. दोन मुलं आणि एक फोटो. कधीतरी तिने तो गेलेल्या मुलाला देऊन टाकला. आता ती नाही, त्यामुळे हे तिला विचारताही येत नाही.

बाबांना सांगितलं. ते बराच वेळ फोटो बघत राहिले.

"म्हणजे दादाचा एकही फोटो नाही," एवढंच म्हणाले.

मागच्या शाईखाली मी पेन्सिलीने लिहिलं, 'राजदूत, १९६२ नंतर'. शाई खोडली नाही. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, म्हणून या दिवाळीला मी थांबलो होतो. बाबांनीच हार हातातून घेतला आणि नेहमीसारखा घातला.