उभ्या गाडीचा अपराध

धांवत्या गाडीला आपण भितों. उभी गाडी म्हणजे निरुपद्रवी, असा आपला समज असतो. कायद्याला हा समज मान्य नाहीं.

आपल्या रस्त्यांवर मोटारी येण्यापूर्वींच, १८६० सालच्या दंडसंहितेच्या २८३ व्या कलमानें, ताब्यांतील वस्तूची नीट व्यवस्था न ठेवल्यामुळें सार्वजनिक वाटेवर धोका वा अडथळा उत्पन्न करणाऱ्यास दोनशें रुपयांपर्यंत दंड ठरविला. बैल सोडून गाडी भर रस्त्यांत टाकून जाणारा गाडीवान त्यांत सांपडूं शकत होता. पुढें १९३९ च्या मोटार कायद्यांत धोक्याच्या स्थितींत वाहन उभें ठेवण्यावर ८१ वें स्वतंत्र कलम आलें.

हा १९३९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानचा. कोल्हापूर त्या वेळीं संस्थान होतें; तेथें तो आपोआप लागू नव्हता. शाहू महाराजांनीं १८९५ मध्यें वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेंत तेव्हां गुळाचे रवे बैलगाड्यांतून येत. संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें तें १ मार्च १९४९ रोजीं.

आजचें कलम १९८८ च्या कायद्यांतील १२२ वें. तो कायदा १ जुलै १९८९ पासून अमलांत आला. त्यांतील शब्द लक्षांत घेण्याजोगे आहेत. वाहनाची जागा, त्याची अवस्था आणि भोंवतालची परिस्थिति, या तिन्ही गोष्टी तो पाहतो. आणि धोक्याचा नुसता संभव असला तरी त्याला पुरतो. कोणी आपटून मरण्याची वाट पाहावी लागत नाहीं! त्यांत ट्रेलरचाहि स्पष्ट उल्लेख आहे.

हा उल्लेख कोल्हापूरकरांना विशेष जवळचा वाटावा. गळिताच्या हंगामांत एका ट्रॅक्टरमागें उसाच्या दोन दोन ट्रॉल्या चालतात. शिरोळ किंवा हातकणंगल्याच्या रस्त्यावर रात्रीं चाक फुटतें. चालक मदत आणावयास गांवांत जातो. खालीं लोंबणाऱ्या वाढ्यांनीं मागचा दिवा झांकलेला असतो. दुपारीं जी जागा बिनधोक, तीच आतां मोटारसायकलवरून घरीं परतणाऱ्याच्या जिवावर बेतते. वाहन धोका उत्पन्न करीत असेल तर पोलिस तें तात्काळ हलवूं शकतात, हें १२७ वें कलम सांगतें. परंतु रात्रीच्या त्या एका तासांत पोलिस तेथें असतीलच असें नाहीं. म्हणून चालकानें जागा सोडण्यापूर्वीं मागें प्रकाश दिसेल अशी व्यवस्था करणें हाच खरा उपाय, असें माझें मत आहे.

आपले चालक प्रकाशाऐवजीं गाडीभोंवतीं दगड मांडतात. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तेथेंच राहतात. जुन्या २८३ व्या कलमांत मोटार हा शब्दच नव्हता, त्यामुळें असे दगडहि त्याच्या कक्षेंत येत. त्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या २८५ व्या कलमानें घेतली आहे, आणि दोनशें रुपयांची मर्यादा आतां पांच हजारांवर गेली आहे.