क्योटो : गल्लीगल्लीने जपलेला वारसा आणि गर्दीचा भार

जपानमधील क्योटो शहरात दरवर्षी १७ जुलै रोजी सकाळी लाकडी रथांची मिरवणूक निघते. त्यांतील मोठे रथ सुमारे २५ मीटर उंच आणि १२ टनांपर्यंत वजनाचे असतात. त्यांचे सांगाडे खिळ्यांचा आधार न घेता केवळ दोरांनी आवळून उभे केले जातात. रथांची चाके डावी-उजवीकडे वळत नाहीत. त्यामुळे चौकात आल्यावर चाकांखाली बांबूच्या पट्ट्या अंथरून त्यांवर पाणी ओतले जाते आणि दोर ओढून संपूर्ण रथ सरकवत वळवला जातो. जुलै महिनाभर चालणाऱ्या 'गिओन मात्सुरी' या उत्सवातील हे सर्वांत लक्षवेधी दृश्य होय. हे रथ सरकारच्या मालकीचे नाहीत. जुन्या शहरातील एकेका गल्लीने आपापला रथ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. क्योटोची परंपरा नेमकी कोणाच्या हाती टिकली, हे या मिरवणुकीतून स्पष्ट होते.

हजार वर्षांची राजधानी

सम्राट कान्मू यांनी ७९४ मध्ये 'हेइआन-क्यो' या नावाने येथे राजधानी वसवली. चीनमधील तत्कालीन राजधानी चांगआनच्या धर्तीवर रस्त्यांची काटकोनी आखणी करण्यात आली. ती मध्यवर्ती भागात आजही ओळखू येते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सम्राटांचे वास्तव्य टोकियोला हलेपर्यंत क्योटो हेच राजनगर होते. क्योटोसह शेजारच्या उजी व ओत्सू या शहरांतील एकूण १७ स्थळांचा युनेस्कोने १९९४ मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला.

दुसऱ्या महायुद्धात अणुबॉम्बच्या संभाव्य लक्ष्यांमध्ये क्योटोचे नाव होते. अमेरिकेचे तत्कालीन युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांच्या आग्रहामुळे ते वगळण्यात आले. मात्र आग आणि युद्ध यांची झळ या शहराला अनेकदा बसली आहे. सोनेरी मंडपासाठी प्रसिद्ध असलेल्या किन्काकुजी मंदिरातील आजचा मंडप १९५५ मधील आहे. मूळ मंडप १९५० मध्ये जळाला होता.

भारताशी असलेला धागा

उत्सवाचे नाव भारताशी जोडलेले आहे. बुद्धांचे वास्तव्य लाभलेल्या श्रावस्तीच्या जेतवन विहाराला जपानीमध्ये 'गिओन शोजा' म्हणतात. त्या विहाराचा रक्षक मानला गेलेला देव ज्या देवस्थानात पुजला जाई, ते 'गिओन' या नावाने ओळखले जाऊ लागले. शिंतो आणि बौद्ध परंपरा वेगळ्या करण्याच्या धोरणानंतर १८६८ मध्ये त्याचे 'यासाका' असे नामकरण झाले. उत्सवाचे नाव मात्र जुनेच राहिले. रोगराई शमावी म्हणून ८६९ मध्ये देशातील ६६ प्रांतांच्या नावे ६६ भाले उभारून प्रार्थना करण्यात आली. उत्सवाची सुरुवात तेथून मानली जाते.

रथांच्या चारही बाजूंना जुनी वस्त्रे आणि गालिचे लावलेले असतात. त्यांत ट्रॉयच्या युद्धकथेतील प्रसंग विणलेला सोळाव्या शतकातील बेल्जियमचा पडदा आहे. भारतीय गालिचेही आहेत. डच व्यापाऱ्यांच्या जहाजांतून जपानला पोहोचलेल्या या गालिच्यांपैकी काही दख्खनमध्ये विणले गेले असावेत, असे गालिच्यांचे अभ्यासक मानतात.

सांजुसान्गेन्दो या मंदिरात अवलोकितेश्वराच्या 'कान्नोन' रूपातील १,००१ मूर्ती आहेत. त्यांच्यापुढे उभ्या असलेल्या २८ रक्षक देवतांपैकी अनेकींचे मूळ भारतीय देवमंडळात आहे. २०१४ मध्ये वाराणसी आणि क्योटो या दोन प्राचीन शहरांमध्ये सहकार्याचा करारही झाला.

खंडानंतर पुन्हा उभारणी

१४६७ मध्ये भडकलेल्या ओनिन युद्धात शहराचा मोठा भाग भस्मसात झाला आणि मिरवणूक ३३ वर्षे बंद पडली. १५०० मध्ये व्यापारी आणि कारागिरांनी ती पुन्हा सुरू केली. याच युद्धात पश्चिमेकडील सैन्याची छावणी जेथे होती, त्या भागाला 'निशिजिन', म्हणजे पश्चिमेची छावणी, असे नाव पडले. पुढे तेथे विणकर स्थायिक झाले. निशिजिनचे रेशमी जरीकाम आजही जपानमध्ये नावाजलेले आहे.

१८६४ च्या आगीत नष्ट झालेला नौकेच्या आकाराचा रथ १५० वर्षांनी, २०१४ मध्ये मिरवणुकीत परतला. १८२६ च्या वादळी पावसात नुकसान झालेला 'ताका-यामा' १९६ वर्षांनी, २०२२ मध्ये पुन्हा निघाला. मधल्या काळात त्या गल्लीतील रहिवाशांनी वाचलेल्या मूर्ती जपल्या आणि उत्सवाच्या दिवसांत त्यांचे पूजन चालू ठेवले. आता एकूण ३४ रथ आहेत. त्यांपैकी २३ रथ १७ जुलैला आणि ११ रथ २४ जुलैला निघतात. या मिरवणुकीला २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत स्थान मिळाले.

चहापानाच्या विधीचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) यांच्या वंशजांची तीन घराणी क्योटोतच आहेत. पुष्परचनेच्या कलेतील 'इकेनोबो' हे सर्वांत जुने घराणे रोक्काकुदो मंदिराशी निगडित आहे. गुरू-शिष्यांची साखळी हाच या कलांचा आधार आहे.

घरे घटली, गर्दी वाढली

रहिवाशांच्या याच आधाराला आता तडे जात आहेत. 'माचिया' या नावाने ओळखली जाणारी पारंपरिक लाकडी घरे झपाट्याने पाडली जात आहेत. महापालिकेच्या २०१६ च्या पाहणीत अशी सुमारे ४० हजार घरे आढळली. आधीच्या पाहणीनंतरच्या सुमारे सात वर्षांत ५,६०० घरे नाहीशी झाली होती. मध्यवर्ती गल्ल्यांत कार्यालये आणि सदनिका वाढल्या. त्यामुळे रथ ओढण्यासाठी विद्यार्थी आणि इतर स्वयंसेवकांची मदत घ्यावी लागते. शहराचे रूप टिकावे म्हणून २००७ मध्ये मध्यवर्ती भागातील इमारतींची कमाल उंची ४५ वरून ३१ मीटरवर आणण्यात आली. छतांवरील जाहिरातफलकांवरही बंदी घालण्यात आली.

पर्यटकांच्या वाढत्या संख्येमुळे शहर बसमध्ये स्थानिकांनाच जागा मिळेनाशी झाली. माइको, म्हणजे नृत्य-गायनाचे शिक्षण घेणाऱ्या तरुणी, यांचा पाठलाग करून छायाचित्रे काढण्याचे प्रकार वाढले. अखेर २०२४ मध्ये गिओन भागातील खासगी गल्ल्या पर्यटकांसाठी बंद करण्यात आल्या. तेथे शिरल्यास १० हजार येन आकारण्याचा इशारा देणारे फलक लावले गेले. निवासावरील कराची कमाल मर्यादाही प्रतिव्यक्ती प्रतिरात्र एक हजार येनवरून १ मार्च २०२६ पासून १० हजार येन करण्यात आली आहे. हा सर्वोच्च दर एका रात्रीसाठी एक लाख येन किंवा त्याहून अधिक भाडे मोजणाऱ्यांसाठी आहे. स्वस्त निवासासाठी तो २०० येन आहे.

उत्सवही या वादातून सुटला नाही. मिरवणूक पाहण्यासाठी २०२३ मध्ये चार लाख येनची खास आसने विक्रीस आली. हा धार्मिक विधी आहे, मनोरंजनाचा कार्यक्रम नव्हे, अशी भूमिका घेत यासाका देवस्थानाच्या प्रमुख पुरोहितांनी पुढील वर्षी या आसनांवर मद्य देण्याला हरकत घेतली.

भेट देताना

क्योटो टोकियोहून वेगवान शिन्कान्सेन रेल्वेने सुमारे सव्वादोन तासांच्या अंतरावर आहे. सर्वांत जवळचा मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ ओसाकाजवळील कान्साई हा होय. चेरीचा बहर साधारणतः मार्चअखेर ते एप्रिलच्या प्रारंभी असतो, तर लाल पानांचा हंगाम नोव्हेंबरच्या उत्तरार्धात असतो. या दोन्ही काळांत गर्दी सर्वाधिक असते. प्रमुख मंदिरे सकाळी लवकर पाहणे आणि बसऐवजी भुयारी रेल्वे वापरणे सोयीचे ठरते. गिओन उत्सवात मिरवणुकीच्या आधीच्या संध्याकाळी अनेक गल्ल्या आपले रथ आणि त्यांवरील वस्त्रे जवळून पाहू देतात. तेथे विकल्या जाणाऱ्या 'चिमाकी' या पानांत गुंडाळलेल्या मंगलचिन्हांचे उत्पन्न रथांच्या देखभालीस हातभार लावते. ती खाण्याची वस्तू नाही. रोगराई दूर राहावी म्हणून क्योटोतील कुटुंबे ती वर्षभर घराच्या दारावर टांगून ठेवतात.