ब्राउझरमधील चोरीचा माग : एक ऐतिहासिक टिपण

चोरी झाल्याचे कळण्याचा सर्वांत जुना मार्ग म्हणजे वस्तू जागेवर नसणे हा होय. १८६० च्या भारतीय दंड संहितेने चोरीच्या व्याख्येत वस्तू हलविण्याची अट घातली (कलम ३७८) आणि १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही ती कायम ठेवली. ब्राउझरमध्ये साठविलेले परवलीचे शब्द व कुकी यांची गोष्ट निराळी. त्यांची नक्कल निघते. मूळ जागच्या जागी राहते आणि धन्यास काहीच उणे दिसत नाही.

कुकीचा जन्म १९९४ मधील. एक विनंती पुरी करताच सर्व्हर ती विसरून जात असे. तोच ग्राहक पुन्हा आला तरी त्याची ओळख पटत नसे. नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली याने यावर तोड काढली, ती अशी की, ग्राहकाच्या ब्राउझरपाशी एक छोटीशी खूण ठेवावयाची व पुढील प्रत्येक विनंतीबरोबर ती परत घ्यावयाची. ‘मॅजिक कुकी’ ही संज्ञा युनिक्सच्या जाणकारांत आधीपासून रूढ होती. तिचा पूर्वार्ध पुढे गळाला. ही खूण म्हणजे एक प्रकारचा बिल्लाच होय. ज्याच्या हाती बिल्ला, तो धनी! परवलीचा शब्द आणि फोनवर येणारा अंक यांची परीक्षा अगोदरच झालेली असल्यामुळे कुकी चोरणाऱ्यास ती पुन्हा द्यावी लागत नाही. अशा मालाचा ‘जेनेसिस मार्केट’ हा बाजार एप्रिल २०२३ मध्ये पोलिसांनी बंद पाडला, तेव्हा तेथे १५ लाखांहून अधिक संगणकांतून चोरलेला माल होता. त्या मोहिमेचे नाव ‘कुकी मॉन्स्टर’ असे ठेवण्यात आले होते.

संरक्षण मुळीच नव्हते असे नाही. विंडोज २००० पासून वापरकर्त्याची गुपिते कूटबद्ध करण्याची ‘डीपीएपीआय’ ही सोय उपलब्ध होती आणि २००८ मध्ये अवतरलेल्या क्रोमने तिचाच आश्रय घेतला. परंतु हे कुलूप वापरकर्त्यापुरते होते. त्याच्या नावाने चालणारी कोणतीही आज्ञावली ते उघडू शके. २०१३ मध्ये यावरून वाद माजला, तेव्हा क्रोमच्या निर्मात्यांनी अशी भूमिका घेतली की, वापरकर्त्याचे खातेच परहस्ते गेल्यावर ब्राउझरने काय राखावयाचे? तर्क म्हणून ही भूमिका सबळ होती. मात्र तिने शोधाचा प्रश्न अकरा वर्षे लांबणीवर टाकला, असे म्हणावयास हरकत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये गूगलचे विल हॅरिस यांनी प्रसिद्ध केलेल्या टिपणाने दृष्टीच पालटली. कुलूप उघडणे रोखता येत नसेल, तर ते कोणी उघडले याची नोंद तरी पाहावी, हा त्यातील मुद्दा. डीपीएपीआयची नोंदवही सामान्यतः बंद असते. ती सुरू केल्यास उलगडण्याच्या प्रत्येक कृतीची १६३८५ क्रमांकाची नोंद उमटते. क्रोमने आपल्या किल्लीस ‘गूगल क्रोम’ असे वर्णन जोडलेले असल्याने कोणते गुपित उघडले हे कळते. उघडणाऱ्याचे मात्र नाव नसते, केवळ प्रक्रियेचा अंक असतो. नावासाठी दुसरी नोंदवही, म्हणजे प्रक्रिया सुरू झाल्याची ४६८८ क्रमांकाची नोंद, पाहावी लागते. विंडोज तेच अंक पुन्हा पुन्हा वापरते. म्हणून अंकाबरोबर वेळही जुळवावी लागते. दोन हस्तलिखितांवरून एक पाठ निश्चित करणाऱ्या संपादकास हे काम परके वाटणार नाही. नाव क्रोमचे नसेल, तर संशयास जागा आहे. अर्थात प्रत्येक परके नाव चोराचेच असते असे नव्हे; नवा ब्राउझर जुन्यातील माहिती स्वतःकडे घेतो, तेव्हाही अशीच नोंद उमटते. उलटपक्षी चोराने क्रोमच्याच प्रक्रियेत आपली आज्ञावली घुसविली, तर नोंदीतील नाव निर्दोष दिसते.

जुलै २०२४ मध्ये क्रोमच्या १२७ व्या आवृत्तीने किल्ली ब्राउझरच्या ओळखीशी बांधली. ही योजना प्रारंभी कुकींपुरती होती. आता चोरास व्यवस्थापकाचे अधिकार मिळविणे किंवा क्रोममध्ये शिरणे भाग पडले, आणि ही दोन्ही कृत्ये अधिक गाजावाजाची आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात चोरीची साधने विकणाऱ्या अनेकांनी या बंधनावर मात केल्याचे जाहीर केले. पुढे मे २०२५ मध्ये ‘लुमा’ या साधनाविरुद्ध कारवाई झाली, तेव्हा १६ मार्च ते १६ मे या दोन महिन्यांत ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणकांना त्याची लागण झाल्याचे मायक्रोसॉफ्टने नमूद केले.