पाठीवरचं चाक आणि चार मीटरची गोष्ट



मागच्या महिन्याच्या बैठकीत आमच्या गटात कर्जाचा एक अर्ज आला. एका ताईंच्या मुलाला जुनी गाडी घ्यायची होती. घरात सासूबाईंचं डायलिसिस सुरू आहे. आठवड्यातून दोनदा तालुक्याला न्यावं लागतं आणि भाड्याच्या गाडीत महिन्याचा पगार जातो. निम्मे पैसे घरचे, बाकीचे गटाच्या अंतर्गत कर्जातून, असा विचार होता. गाडीचं नाव फोर्ड इकोस्पोर्ट. मोबाईलवरचा फोटो सगळ्यांच्या हातांतून फिरला.

एक मावशी म्हणाल्या, "अगं, हिनं पाठीवर चाक कशाला बांधलंय?"

दुसऱ्या म्हणाल्या, "कंपनी तर देश सोडून गेली म्हणतात. मग घ्यायची कशाला?"

आणि गटातली सगळ्यात लहान सून म्हणाली, "परदेशात पण हीच मिळते का? अशीच?"

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आमच्याकडे नव्हती. हप्ता किती आणि जामीन कोण, एवढंच आम्ही विचारत आलो. मग ठरवलं, आधी या गाडीची गोष्ट समजून घेऊ. ती शोधताना जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो. गोष्ट गाडीची आहे, पण त्यात कर आहे, कायदा आहे आणि आपला जीवही आहे.

आधी ही कोणत्या जातीची गाडी ते पाहू. जुनी जीप किंवा बोलेरो शिडीसारख्या जाड लोखंडी चौकटीवर उभी असते. दणकट, पण जड. याउलट छोट्या मोटारीचाच सांगाडा घेऊन ती उंच केली, चाकं मोठी लावली, रूप जीपसारखं दिलं, की त्याला क्रॉसओव्हर म्हणतात. दिसायला जीप, चालवायला मोटार. खड्डे आणि गतिरोधक सहज पार होतात आणि डिझेल-पेट्रोलही बेताचं लागतं. फोर्डने हे रूप आपल्या फिएस्टा या छोट्या गाडीच्या सांगाड्यावर उभं केलं.

फोर्ड कंपनी अमेरिकेची, पण ही गाडी जन्मली ब्राझीलमध्ये. त्यामागेही करांचीच भानगड आहे. फोर्डला ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यात कारखाना काढायचा होता. १९९९ मध्ये तिथे नवं सरकार आलं. आधीच्या सरकारने कंपनीला कबूल केलेल्या सवलती त्यांनी पुन्हा तपासायला घेतल्या. कंपनी उठली आणि ईशान्येकडच्या बाहिया राज्यात गेली. तिथे सवलती मिळाल्या. कामासारी या गावी २००१ मध्ये कारखाना सुरू झाला आणि २००३ मध्ये इकोस्पोर्ट रस्त्यावर आली.

तिथले रस्तेही आपल्यासारखेच. शहरात दाटी, बाहेर पडलं की खड्डे. मोठी जीप परवडत नाही आणि छोटी मोटार खाली घासते, अशा माणसांना ही गाडी आवडली. जादा चाक, ज्याला आपण स्टेपनी म्हणतो, ते मागच्या दाराला बाहेरून लावलेलं होतं. त्यामुळे आतली जागा मोकळी राहिली आणि गाडीला जीपचा रुबाब आला. मावशींच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. ब्राझीलमध्ये उसापासूनचं इथेनॉल पंपावर मिळतं, म्हणून तिथल्या गाडीला पेट्रोल आणि इथेनॉल दोन्हींवर चालणारं इंजिनही दिलं गेलं. म्हणजे ज्या देशात ऊस, तिथली गाडी उसाच्या इंधनावर. गाडी देशाप्रमाणे बदलते, ती अशी.

आता आपल्या देशात येऊ. २००६ च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. पण छोटी गाडी म्हणायचं कशाला? त्याची व्याख्या ठरली. लांबी चार मीटरपेक्षा जास्त नको. पेट्रोलचं इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलचं १५०० सीसीपर्यंत. कारखान्यातून निघताना गाडीची किंमत पाच लाख असेल, तर आठ टक्क्यांचा फरक म्हणजे ४० हजार रुपये. बोटभर लांबी जास्त झाली तरी ४० हजार गेले.

मग काय, सगळ्या कंपन्यांनी पट्टी घेतली. टॅक्सीत तुम्ही बसता ती डिझायर आठवा. २०१२ मध्ये तिची डिकी आखूड करून तिला चार मीटरच्या आत बसवली. आपल्या गावोगावच्या बोलेरोचंही तेच. जुनी बोलेरो ४ मीटर १० सेंटिमीटरच्या आसपास होती. २०१६ मध्ये बोलेरो पॉवर प्लस आली, ती ३९९५ मिलिमीटरची, आणि इंजिन अडीच हजार सीसीवरून दीड हजारावर. चालवणाऱ्याला वाटतं कंपनीने नवं मॉडेल काढलं. खरं म्हणजे ब्लाउजचं माप दिल्लीत ठरलं आणि शिंप्याने तसं कापड कापलं.

इकोस्पोर्टची दुसरी पिढी याच मापात भारतात आली. ४ जानेवारी २०१२ रोजी दिल्ली आणि ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया, अशा दोन्ही ठिकाणी ती एकाच दिवशी दाखवली गेली. तिची आखणी ब्राझीलच्या इंजिनिअरांनी केली होती, पण ती आता साऱ्या जगासाठी होती. भारतातली गाडी चेन्नईजवळच्या मराईमलै नगरच्या कारखान्यात बनू लागली आणि जून २०१३ मध्ये ५ लाख ५९ हजारांपासून विक्रीला आली.

त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात मोठ्या एसयूव्हींवरचं शुल्क ३० टक्के झालं होतं आणि छोट्या गाड्यांवर होतं १२ टक्के. इकोस्पोर्टचा रुबाब एसयूव्हीचा, पण शरीर चार मीटरच्या आत. म्हणून तिचं एक लिटरचं पेट्रोल इंजिन आणि दीड लिटरचं डिझेल इंजिन १२ टक्क्यांत बसलं. दीड लिटरचं पेट्रोल इंजिन मात्र १२०० सीसीच्या वर गेलं, म्हणून त्याच गाडीला त्या इंजिनासह जास्त शुल्क लागलं. म्हणजे एकाच देशात, एकाच नावाच्या गाडीत, नुसत्या इंजिनामुळे कर वेगळा.

आता सुनेच्या प्रश्नाकडे येऊ. परदेशात हीच मिळते का? नाव हेच, गाडी मात्र वेगवेगळी. चीनमध्ये चोंगचिंग, रशियात नाबेरेझ्निये चेल्नी, रुमानियात क्रायोवा अशा ठिकाणीही ती बनली. युरोपातल्या गिऱ्हाइकांना पाठीवरचं चाक आवडेना. पार्किंगच्या चिंचोळ्या जागेत मागची लांबी नको, दार जड नको. मग २०१५ मध्ये तिथे चाक नसलेलं दार आलं. आपल्याकडे तेच चाक रुबाबाचं लक्षण राहिलं. २०१८ मध्ये अमेरिकेत विक्री सुरू झाली, आणि अमेरिकेत विकली जाणारी इकोस्पोर्ट आपल्या चेन्नईहून जहाजाने जात होती. तिला बर्फासाठी दोन लिटरचं इंजिन आणि चारही चाकांना ताकद मिळायची. तशी गाडी भारतात विकलीच गेली नाही. आपल्या जाहिरातीत सांगत होते की ५५० मिलिमीटर पाण्यातून ती जाते. कारण आपली काळजी बर्फाची नाही, ओढ्यावरच्या फरशी पुलाची आहे.

इथपर्यंत फरक आवडीचे, हवेचे, रस्त्यांचे होते. त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. पण पुढचा फरक ऐका.

चेन्नईत बनलेली इकोस्पोर्ट ऑस्ट्रेलियालाही जात होती. २०१३ मध्ये तिथल्या टकरीच्या चाचणीत तिला पाचपैकी पाच तारे मिळाले. त्या गाडीत सात एअरबॅग होत्या. एअरबॅग म्हणजे जोरात धडक बसताच क्षणात फुगणारी पिशवी, जी छाती-डोकं स्टिअरिंगवर किंवा काचेवर आपटू देत नाही. त्याच वर्षी भारतात विकल्या गेलेल्या सर्वांत स्वस्त इकोस्पोर्टमध्ये एकही एअरबॅग नव्हती. सर्वांत महाग मॉडेलमध्ये सहा होत्या. कारखाना एक, कामगार तेच. मग फरक कशामुळे? कंपनीने कायदा मोडला नव्हता. आपल्याकडे तेव्हा एअरबॅगचा कायदाच नव्हता. किंमत खाली दाखवायची तर काहीतरी काढावं लागतं, आणि जे कायद्याने ठेवायला लावलेलं नाही ते आधी निघतं. हे एकाच कंपनीचं नाही, त्या काळात स्वस्त मॉडेलांत बहुतेकांचं हेच होतं.

कायदा पुढे आला. १ जुलै २०१९ पासून चालकाच्या पुढे एअरबॅग सक्तीची झाली. चालकाशेजारच्या सीटसाठी ती २०२१ मध्ये सक्तीची झाली. आता मैत्रिणींनो, आपल्या घरात गाडी कोण चालवतं? बहुतेक घरांत पुरुष. शेजारी कोण बसतं? आपण, पुष्कळदा मांडीवर लेकरू घेऊन. म्हणजे आधी त्याच्यासाठी आणि दोन वर्षांनी आपल्यासाठी. आणि मांडीवरचं लेकरू तर कोणत्याच पिशवीच्या हिशोबात नाही. उलट फुगणाऱ्या पिशवीचा जोर त्याला लागू शकतो. म्हणून लेकराला पुढे मांडीवर घेऊन बसू नका. मागे बसा, आणि मागेही पट्टा लावा. तो कायद्यानेही लावायचाच आहे.

कायदा आणि गिऱ्हाईक दोन्ही जागे झाले की काय होतं, त्याचं उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यातलं आहे. रांजणगावच्या कारखान्यात टाटांची नेक्सॉन बनू लागली. तीही चार मीटरच्या आतली, इकोस्पोर्टच्याच जातीची. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. कंपनीने सुधारणा केल्या, पुन्हा चाचणी झाली आणि डिसेंबरमध्ये पाच तारे आले. भारतात बनलेल्या आणि भारतात विकल्या जाणाऱ्या गाडीला त्या चाचणीत पाच तारे पहिल्यांदाच मिळाले. म्हणजे चार मीटरमध्ये आणि आपल्या किमतीत मजबूत गाडी बनत नाही असं नव्हतं. ऑक्टोबर २०२३ पासून तर भारत एनकॅप ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली आहे.

आता दुसऱ्या मावशींचा प्रश्न. कंपनी खरंच गेली का? जानेवारी २०२१ मध्ये फोर्डने ब्राझीलमधले कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं. जिथे ही गाडी जन्मली ते कामासारीही त्यात होतं. ब्राझीलमध्ये सुमारे ५ हजार लोकांचं काम गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारतातली पाळी आली. दहा वर्षांत दोन अब्ज डॉलरहून जास्त तोटा झाला, असं कंपनीने सांगितलं. इथे सुमारे ४ हजार कामगारांवर परिणाम झाला. चेन्नईचे कामगार भरपाईसाठी आंदोलनाला बसले. जुलै २०२२ मध्ये चेन्नईच्या कारखान्यातून शेवटची इकोस्पोर्ट बाहेर पडली. सवलत देऊन कारखाना आणता येतो, पण सवलतीने तो कायमचा बांधून ठेवता येत नाही, हे बाहियातल्या बायकांना आणि चेन्नईतल्या बायकांना एकाच वर्षी कळलं असेल. गुजरातमधला फोर्डचा साणंदचा कारखाना पुढे टाटांनी घेतला आणि आज तिथे नेक्सॉन बनते. कामासारीत आता बीवायडी ही चिनी कंपनी आहे.

जुन्या गाड्यांची दुरुस्ती आणि सुटे भाग मिळत राहतील, असं फोर्डने जाताना सांगितलं आहे. पण आपल्या तालुक्यापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे आपणच पाहायचं.

एवढं सगळं कळल्यावर आम्ही बैठकीत त्या ताईंना नाही म्हणालो नाही. सासूबाईंचं जाणं-येणं खरं आहे. आम्ही त्यांच्या मुलाला चार गोष्टी लिहून आणायला सांगितल्या. गाडी कोणत्या वर्षाची? मॉडेलचं पूर्ण नाव काय, कारण इकोस्पोर्ट एवढं म्हणून काहीच कळत नाही. स्टिअरिंगवर आणि शेजारच्या सीटसमोर एअरबॅगचा ठसा आहे का? मागच्या सीटला किती पट्टे आहेत आणि ते नीट अडकतात का? पाचवी गोष्ट मावशींनी वाढवली, "पाठीवरच्या चाकात हवा आहे का, तेही बघ रे बाबा."

आता आमच्या गटाच्या वहीत वाहनाच्या कर्जासाठी हे पाच प्रश्न कायमचे लिहिले आहेत. हप्ता आणि जामीन त्यांच्या खाली. तुमच्या गटातही असा अर्ज आला, तर हे प्रश्न विचारा. माप आणि कर दिल्लीत ठरतो, मॉडेल कंपनी ठरवते, पण त्या सीटवर आपण बसायचं की नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.